‘मदर ३’ चाहत्यांनी इंग्रजीत आणला, मराठीत आणायचा तर काय काय लागेल?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना एसटीच्या आवाजात ऐकू येत नाही, ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा म्हटलेलं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच.

नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात ओळख. मी मूळचा सुलतानपूरचा, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारजवळचं सुलतानपूर. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आणि गेम्सचा नाद शाळेपासूनचा.

आता सांगा, गेममध्ये कॅरेक्टर बोलायला लागलं, खाली मजकुराची पट्टी आली, की तुम्ही काय करता? खरं सांगा. स्किप, स्किप, स्किप. बरोबर? शूटिंगच्या गेममध्ये हे चालतं. पण रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हा प्रकार अर्धा खेळण्याचा आणि अर्धा वाचण्याचा असतो. त्यातला मजकूर स्किप केला तर हातात उरतं काय? इकडून तिकडे पळणारी बाहुली. म्हणून आरपीजी आपल्या भाषेत नसेल तर तो गेम आपल्यापर्यंत आलेलाच नसतो, भले फोनमध्ये इन्स्टॉल झालेला असो.

आज मी अशा एका जपानी गेमची गोष्ट सांगणार आहे, जो कंपनीने जपानबाहेर आणलाच नाही. चाहत्यांनी आणला. आणि शेवटी बघू, की तेच काम मराठीसाठी करायचं ठरलं तर नेमकं कुठे अडेल.

गेम कोणता?

नाव ‘मदर ३’. निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या छोट्या मशीनसाठी २० एप्रिल २००६ ला जपानमध्ये आला. स्क्रीन किती, तर २४० बाय १६० पिक्सेल. तुमच्या फोनवरचं ॲपचं एक आयकॉनसुद्धा जवळपास तेवढे पिक्सेल खातं.

लेखक शिगेसातो इतोई. हा माणूस मुळात जाहिरातींचा कॉपीरायटर. त्यामुळे या मालिकेत तलवारी-ड्रॅगनपेक्षा माणसांच्या बोलण्याला जास्त किंमत आहे. पहिला ‘मदर’ १९८९ चा, दुसरा १९९४ चा. दुसरा भाग ‘अर्थबाउंड’ या नावाने १९९५ मध्ये अमेरिकेत गेला, पण फारसा खपला नाही. तिसरा भाग आधी निन्टेन्डो ६४ साठी बनत होता, तो २००० मध्ये चक्क रद्द झाला. मग सहा वर्षांनी या छोट्या मशीनवर नव्याने आला. फक्त जपानीत.

गोष्ट काय आहे, फार न फोडता सांगतो. ताझमिली नावाचं एक गाव. गावात पैसा ही गोष्टच माहीत नाही, ज्याला जे लागेल ते एकमेकांकडून घ्यायचं. मग बाहेरून एक माणूस येतो, पैसा आणतो, आणि घराघरात एक चमकणारी पेटी बसवतो, ‘हॅप्पी बॉक्स’. लोक त्या पेटीसमोर बसून राहतात. रेल्वे येते, जुनी माणसं एकटी पडतात, तरुण पोरं शहराकडे बघायला लागतात. आणि या सगळ्यात एक मोडलेलं कुटुंब, बाप आणि मुलगा.

ही गोष्ट टोकियोपेक्षा आपल्या गावांना जास्त लागू पडते, असं मला कायम वाटत आलंय. चमकणारी पेटी तर आपल्या सगळ्यांच्या खिशातच आहे.

पहिला रस्ता: सह्या

अमेरिकेत ‘स्टारमेन डॉट नेट’ नावाची ‘अर्थबाउंड’च्या चाहत्यांची साइट होती. त्यांनी आधी सरळ रस्ता धरला. निन्टेन्डोला अर्ज. हजारो सह्या गोळा केल्या. फोन केले, पत्रं पाठवली. अडीचशेहून जास्त पानांचं रंगीत पुस्तक छापलं, जगभरच्या चाहत्यांनी काढलेल्या चित्रांचं, आणि ते कंपनीकडे पाठवलं, की बघा बाबांनो, मागणी आहे.

कंपनीकडून काहीच हललं नाही.

सह्यांनी कधीच काही होत नाही असं नाही हं. आपल्याकडचंच उदाहरण आहे. माकोतो शिनकाईचा ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे सिनेमा ११ ऑक्टोबर २०१९ ला भारतातल्या थिएटरांत लागला, त्याच्या मागे भारतीय चाहत्यांची ऑनलाइन याचिका होती, आणि दिग्दर्शकाने तिची दखल घेतली होती. पण फरक बघा. सिनेमाला सबटायटल लावून पडद्यावर आणणं हे काही आठवड्यांचं काम. आरपीजी म्हणजे हजार पानांचा मजकूर, वर टेस्टिंग, वर पॅकिंग. कंपनी सह्या मोजत नाही, खर्च मोजते.

दुसरा रस्ता: स्वतःच करा

नोव्हेंबर २००६ मध्ये या मंडळींनी जाहीर केलं की अनुवाद आम्हीच करतो. साधारण डझनभर लोक, सगळे बिनपगारी. प्रमुख अनुवादक क्लाइड मँडेलिन. हा हौशी नव्हता, जपानी ॲनिमेचा व्यावसायिक अनुवादक होता. १७ ऑक्टोबर २००८ ला काम पूर्ण झालं. पहिल्याच आठवड्यात एक लाखाहून जास्त डाउनलोड झाले.

आता इंजिनीअर म्हणून मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. त्यांनी गेम वाटला नाही. पॅच वाटला. हा फरक नीट समजून घ्या.

पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असतं ना? ‘पान ४२, ओळ ७, अमुकऐवजी तमुक वाचावे.’ पॅच म्हणजे शुद्धिपत्र. पुस्तक त्यात नसतं, फक्त बदल असतात. फाइलमधल्या अमुक जागेवरचे बाइट काढा, तमुक टाका. मूळ गेमची प्रत तुमची तुम्ही आणायची. आता प्रत्यक्षात किती जणांकडे अस्सल कार्ट्रिज होतं, हा प्रश्न उरतोच. तो आपण शेवटी कायद्याच्या भागात घेऊ.

या शुद्धिपत्रातही एक अडचण होती. तेव्हाचा प्रचलित पॅच फॉरमॅट होता आयपीएस. त्यात फाइलमधली जागा सांगायला फक्त तीन बाइट असतात. तीन बाइट म्हणजे १६ एमबीपर्यंतचेच पत्ते. आणि ‘मदर ३’ची फाइल ३२ एमबीची! म्हणजे अर्ध्या पुस्तकापुढे पान क्रमांकच लिहिता येत नाही असं शुद्धिपत्र. म्हणून यूपीएस नावाचा नवा फॉरमॅट वापरला. त्यात फाइल बरोबर आहे की नाही हे तपासायची सोयही होती.

मग मजकूर. जपानीत जे चार अक्षरांत मावतं, त्याला इंग्रजीत दहा-बारा अक्षरं लागतात. गेममध्ये प्रत्येक संवादाचा पत्ता लिहिलेला असतो, त्याला पॉइंटर म्हणतात. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखं. पहिलं प्रकरण दोन पानांनी वाढलं की पुढच्या सगळ्या प्रकरणांचे पान क्रमांक बदलतात. इथे तसंच. एक संवाद वाढला की पुढचे पॉइंटर सगळे नव्याने लिहायचे. नाहीतर दुकानदाराच्या तोंडी राजाचं वाक्य येतं, किंवा गेम जागीच बंद पडतो.

आणि अक्षरं. जपानी अक्षर चौकोनात बसतं, प्रत्येक चौकोन सारख्या रुंदीचा. इंग्रजीत ‘आय’ काडीसारखा आणि ‘डब्ल्यू’ जाडजूड. सारख्या चौकोनांत टाकले तर दातांत फटी पडल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक अक्षराला त्याच्या रुंदीइतकीच जागा देणारा कोड या लोकांनी गेमच्या आत घुसवला. मूळ सोर्स कोड हातात नसताना! मशीनच्या भाषेतल्या सूचना वाचत, कुठे काय चाललंय ते हुडकत.

एका नावाची गंमत

अनुवाद म्हणजे शब्दाला शब्द नाही, हे या गेममधल्या एका नावावरून कळतं. गावात पैसा आणणाऱ्या त्या माणसाचं जपानी नाव ‘योकुबा’. जपानीत ‘योकुबारी’ म्हणजे हावरट. इंग्रजी वाचकाला ‘योकुबा’ ऐकून काहीच बोध होणार नाही. म्हणून चाहत्यांनी नाव ठेवलं ‘फसाड’. ऐकणाऱ्याला फ्रेंचमधून आलेला, दिखाऊ दर्शनी भाग या अर्थाचा शब्द आठवतो. आणि अरबीतला ‘फसाद’ही आठवतो.

आता तुमच्या कानाला काय ऐकू आलं? दंगाफसाद! तोच शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे येऊन कधीचा स्थायिक झालाय. म्हणजे अमेरिकेत बसून इंग्रजीसाठी केलेली युक्ती मराठीला फुकटात लागू पडते. मराठीत हा गेम आलाच तर त्या माणसाचं नाव शोधायला डोकं खाजवायची गरज नाही. ‘फसाद’. संपला विषय.

मग निन्टेन्डोने काय केलं?

खटला भरला नाही. आणि स्वीकारलंही नाही. एप्रिल २०१३ मध्ये मँडेलिनने जाहीरपणे सांगितलं की तुम्ही गेम अधिकृतपणे आणणार असाल तर माझा सगळा अनुवाद फुकट वापरा. उपयोग झाला नाही. २०१४ च्या ई-थ्री या मोठ्या गेमिंग कार्यक्रमासाठी केलेल्या व्हिडिओत निन्टेन्डोने याच मागणीवर विनोदसुद्धा केला. ‘अर्थबाउंड’ २०१३ मध्ये परत आला आणि पहिला ‘मदर’ २०१५ मध्ये इंग्रजीत आला. ‘मदर ३’ मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये स्विचच्या ऑनलाइन सेवेवर आला तोही फक्त जपानमध्ये.

चाहत्यांच्या कामाचे शेवट असे वेगवेगळे होतात. अजून दोन पटकन सांगतो.

‘फायनल फँटसी टाइप-झिरो’. पीएसपीवर २०११ मध्ये जपानमध्ये आला. जून २०१४ मध्ये चाहत्यांचा इंग्रजी पॅच आला. त्याच सुमारास स्क्वेअर एनिक्सने आपली एचडी आवृत्ती परदेशात जाहीर केली, आणि पुढच्याच महिन्यात चाहत्यांना पॅच काढून टाकावा लागला. वर्षानुवर्षांचं काम, एका झटक्यात ऑफलाइन.

आणि याच्या उलट, ‘ट्रेल्स फ्रॉम झिरो’. फाल्कॉम कंपनीचा, मूळ पीएसपीचा, २०१० चा. जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने त्याच्या पीसी आवृत्तीचा इंग्रजी अनुवाद २०२० मध्ये काढला. तो इतका चांगला होता की एनआयएस अमेरिका या प्रकाशकाने त्याच अनुवादाच्या पायावर २०२२ मध्ये अधिकृत इंग्रजी आवृत्ती आणली. पुढचा भाग ‘ट्रेल्स टू अझ्युर’ २०२३ मध्ये तसाच आला.

म्हणजे एक काम लटकलं, एक पुसलं गेलं, एक अधिकृत झालं. पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. लोकांना गेम वाचता आला, तो कोणीतरी काम *पूर्ण* केलं म्हणून. मागणी हजारो जण करत होते, शेवटपर्यंत बसून काम करणारे डझनभरच होते.

आता मराठी

समजा, परवानगी मिळाली. पैसेही मिळाले. तरी हा गेम मराठीत आणताना कुठे अडेल? चार जागा सांगतो.

एक, अक्षरं. इंग्रजीला रुंदीचा प्रश्न होता. आपल्याला सगळ्याच बाजूंनी आहे. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेघ अखंड हवी. ‘कि’ लिहिताना वेलांटी मेमरीत ‘क’च्या नंतर असते, पण दिसायला आधी यायला हवी. ‘उद्ध्वस्त’ लिहून बघा, त्यात किती अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. फोनवर हे काम शांतपणे एक वेगळं सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. कित्येक गेम इंजिनांत ती सोय मुळातच नसते, म्हणून गेममधली देवनागरी मोडलेली दिसते.

आणि मराठीचा तर खास मामला आहे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसरा डोंगरातला खोलगट भाग. फरक फक्त ‘र’च्या आकाराचा. हिंदीसाठी बनवलेल्या फॉन्टमध्ये हा ‘ऱ्य’ नीट नसला तर लोणारच्या दऱ्यांचा समुद्र होतो!

दोन, सामान्यरूप. ‘मदर ३’ सुरुवातीलाच तुम्हाला तुमचा आवडता पदार्थ विचारतो, आणि पुढे संवादात तो शब्द जसाच्या तसा घालतो. इंग्रजीत सोपं आहे, शब्द बदलत नाही. मराठीत तुम्ही टाकलं ‘पिठलं’. गेमच्या कोडमध्ये लिहिलंय: पदार्थ अधिक ‘चा वास’. आलं काय? ‘पिठलंचा वास’. हवं होतं ‘पिठल्याचा वास’. ठेचा असेल तर ‘ठेच्याचा’, भाकरी असेल तर ‘भाकरीचा’. शिवाय ठेचा केला, भाकरी केली, पिठलं केलं. क्रियापदही बदलतं!

यावर उपाय आहे. वाक्यच असं रचायचं की शब्द मूळ रूपात राहील: ‘आज जेवायला काय? पिठलं!’ किंवा ‘घरभर वास सुटलाय. नक्कीच पिठलं!’ म्हणजे इथे प्रोग्रामर आणि अनुवादक एकाच टेबलाशी बसायला हवेत. तुम्हाला आलेल्या बँकेच्या मेसेजमध्ये, डिलिव्हरीच्या ॲपमध्ये जी विचित्र मराठी दिसते ना, तिचं एक मोठं कारण हेच. वाक्य इंग्रजीच्या साच्यात, शब्द आपले.

तीन, लिंग. या गेममध्ये ‘मॅजिप्सी’ नावाची पात्रं आहेत, जी ना पुरुष ना स्त्री. इंग्रजीत ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ असा भेदच नाही. मराठीत तोंड उघडलं की लिंग ठरतं. पण मराठीतच वाटा सापडतात. ‘मी येईन’ दोघांनाही चालतं. ‘मला वाटतं’, ‘मला जायचंय’, ‘माझं ठरलंय’, यातही लिंग नाही. सगळे संवाद या वाटांनी लिहायचे म्हणजे कसरत आहे, पण होऊ शकते.

चार, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं, मराठी कोणती? ताझमिली हे खेडं आहे. तिथला शेतकरी पुस्तकी मराठी बोलेल का? आमच्या सुलतानपुरात माणूस ‘काय करून राह्यले भाऊ?’ असं विचारतो, ‘मले काय माहीत’ म्हणतो. वऱ्हाडी आणि शेजारच्या मराठवाड्याची बोली दोन्ही कानावर पडतात. गेममधल्या गावाला ही बोली द्यायला मला प्रचंड आवडेल. पण एक अट. ती सगळ्या गावाला द्यायची. सिनेमात आणि सिरियलमध्ये काय होतं? नायक प्रमाण मराठीत रडतो आणि वऱ्हाडी बोलणारा फक्त हसवायला असतो. ‘मदर ३’मध्ये एक बाप आपल्या माणसांना पावसात जंगलभर शोधत फिरतो. त्याच्या भोवतीची माणसं त्या वेळी जे बोलतात, तेही वऱ्हाडीत यायला हवं. बोली विनोदापुरती वापरली तर त्यापेक्षा प्रमाण भाषा परवडली.

कायदा, आणि सुरुवात कुठून करायची

मी वकील नाही, पण एवढं स्पष्ट आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अनुवाद करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा आहे, आणि कॉम्प्युटर प्रोग्रामही त्यात साहित्यकृतीमध्ये मोडतो. त्यामुळे ‘आम्ही पैसे घेत नाही’ म्हटल्याने काम आपोआप कायदेशीर होत नाही. पायरेटेड रॉमच्या लिंक मला मागू नका, मिळणार नाहीत. निन्टेन्डो एका पॅचबाबत गप्प बसलं म्हणून दुसऱ्या वेळी गप्प बसेल याची खात्री नाही, ‘टाइप-झिरो’ आठवा.

मग हात बांधून बसायचं? अजिबात नाही. दार उघडं आहे तिथून आत जायचं. असे गेम आहेत, ज्यांचा सोर्स कोड खुला आहे आणि अनुवादाची परवानगी लायसन्समध्येच आहे. फोनवर खेळायचं असेल तर ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’. खरा आरपीजी आहे, फुकट आहे, आणि त्याचे अनेक भाषांतले अनुवाद खेळाडूंनीच ट्रान्सिफेक्स या साइटवर केलेले आहेत. कॉम्प्युटर असेल तर ‘बॅटल फॉर वेसनॉथ’, २००३ पासून चालू असलेला, कथेने भरलेला गेम. स्वतः गेम बनवायचा असेल तर गोडो इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात.

हे काम मराठी माणसांनी याआधी केलेलं आहे. फायरफॉक्स ब्राउझर मराठीत आहे, तो स्वयंसेवकांच्या जिवावर. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, तोही तसाच. म्हणजे माणसं आहेत. गेमकडे अजून पुरेशी वळलेली नाहीत, इतकंच.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या आवडत्या गेममधले कुठलेही दहा संवाद घ्या आणि तुमच्या गावच्या मराठीत लिहून बघा. पुणेरी नको, पुस्तकी नको, तुमच्या घरातली. कुठे अडतं ते नोंदवून ठेवा, फॉन्टमध्ये, सामान्यरूपात की बोलीत. मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये निवडक संवाद वाचून दाखवतो, आणि खुल्या गेममधली अनुवादाची फाइल उघडून पहिल्या वीस ओळी आपण मिळून मराठीत करू. चला, भेटू पुढच्या आठवड्यात!